विमानभाऊ

कुहीला विमानतळ नाही. निवडणुकीच्या सभेतसुद्धा आजवर कोणी त्याचं आश्वासन दिलेलं नाही, म्हणजे बघा. नागपूर–नागभीड ही आमच्या तालुक्यातून धावणारी छोटी गाडी होती, तीही 2019 च्या नोव्हेंबरात रूळ रुंद करायचे म्हणून बंद झाली. उरली एसटी, काळीपिवळी आणि ओळखीच्या माणसाची मोटरसायकल. अशा गावात 2025 च्या फेब्रुवारीत पानठेल्यावर खर्रा घोटून घेणारं एक पोट्टं दुसऱ्याला विचारत होतं, "डीईएलवरून निंगाला का बे?" आणि दुसरं मोबाइलमधून मान वर न काढता सांगत होतं, "पट्टीवर उभा हाये. धुकं हाये तिथं. सीसीयूले अडीचच्या आधी टेकत नाही."

डीईएल म्हणजे दिल्ली, सीसीयू म्हणजे कोलकाता. हे सगळं विमानभाऊंचं कर्तृत्व.

विमानभाऊ हे पाळण्यातलं नाव नव्हे. मूळचे ते खतवाले भाऊ. बसस्टँडच्या बाजूला त्यांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, युरिया, फवारणीची औषधं. कृषी केंद्रवाल्याला विमानाची चटक कशी लागते हे शहरातल्या वाचकाला ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. औषध कंपन्या दुकानदारांसाठी स्कीम काढतात. इतक्या पेट्या उचलल्या तर मिक्सर, तितक्या उचलल्या तर बँकॉक. त्यामुळे महाबळेश्वर न पाहिलेले पण पट्टायाचा समुद्र पाहिलेले दुकानदार विदर्भात तालुक्यागणिक सापडतात. भाऊ अशाच एका स्कीमवर गेले आणि परत आले. थायलंडबद्दल ते काही बोलले नाहीत. तिकडून आलेले बरेच जण बोलत नाहीत. भाऊ बोलले ते विमानाबद्दल. चाकं कशी आत जातात, पंखाची पाती कशी उघडतात, कानात कसं होतं, आणि उतरल्यावर लोक दार उघडायच्या आधीच उठून माना वाकड्या करून कसे उभे राहतात. समुद्र त्यांच्या फोटोत कुठंच नव्हता. असला तर वरून.

मग त्यांना कोणीतरी सांगितलं, की कंपनीची बिलं कार्डाने भरली तर पॉइंट साचतात आणि पॉइंटांची तिकिटं होतात. भाऊंनी वर्षभर तेच केलं. शेतकरी भाऊंच्या उधारीवर, भाऊ बँकेच्या उधारीवर, आणि बँक भाऊंवर खूश. यात नेमकं कोण कोणाच्या पैशानं उडतं याचा हिशेब मी एकदा मांडायला घेतला होता. भाऊ म्हणाले, "मास्तर, हिशेब करणारा माणूस जमिनीवरच राहते."

महिनाभर थांबायचंच नाही, ही कल्पना मात्र त्यांची नव्हे. ती अमेरिकेची. 2009 साली जेटब्लू या तिकडच्या विमान कंपनीने 599 डॉलरचा एक पास काढला होता. 8 सप्टेंबर ते 8 ऑक्टोबर, वाटेल तितकं उडा. म्हणजे आपल्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास, फक्त तो चार नाहीतर सात दिवसांचा आणि याला पंख. काही जणांनी तो अख्खा महिना विमानात आणि विमानतळांवर काढला आणि रोजची हकिकत इंटरनेटवर लिहिली. भाऊंना ही गोष्ट तोंडपाठ. दुसरी त्याहून आवडती गोष्ट स्टीव्हन रॉथस्टीन यांची. शिकागोच्या या गृहस्थांनी 1987 साली अमेरिकन एअरलाइन्सकडून अडीच लाख डॉलरला जन्मभराचा पास घेतला आणि दहा हजारांवर उड्डाणं केली. 2008 मध्ये कंपनीने तो रद्द केला. "विकताना वाटलं असन, माणूस किती बसून बसून बसन," भाऊ म्हणत, "अन् हा खरंच बसला!" हे सांगताना त्यांचा आवाज भरून येई. युरियाच्या रांगेतले शेतकरी माना डोलवत. त्यांना रॉथस्टीनचं दुःख पटत असे, कारण आधी कबूल करायचं आणि मागाहून रद्द करायचं हा प्रकार त्यांच्या ओळखीचा होता.

महिना कोणता, यावर भाऊंनी फार विचार केला. मृगाच्या तोंडावर दुकान सोडता येत नाही. दिवाळीत तिकिटं महाग. शेवटी फेब्रुवारी ठरला. रब्बीची फवारणी आटोपलेली असते हे कारण सांगितलं. खरं कारण, महिना अठ्ठावीस दिवसांत पुरा होतो. पुढं 2028 चा फेब्रुवारी एकोणतीसचा येतो म्हणून तो त्यांनी आताच बाद करून टाकला आहे.

नियम त्यांनी स्वतः घातले. रात्र एक तर विमानात काढायची नाहीतर विमानतळावर. हॉटेल नाही, नातेवाईक नाही. दिवसाला निदान दोन उड्डाणं. आणि प्रत्येक उड्डाणाचं मोबाइलवर स्टेटस. हा शेवटचा नियम खरा, बाकीचे त्याच्या पोटातले. भाऊंना मी विचारलं, समजा मोबाइल हरवला तर? ते गप्प बसले. विमान पडेल या शक्यतेनं त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता. चोवीस तासांत स्टेटस पुसलं जातं याचाही त्यांना घोर. म्हणून सेतू केंद्रातल्या पोराला त्यांनी काम लावून दिलं: रोजची सगळी स्टेटसं उतरवून ठेवायची आणि महिना संपला की त्याची फाइल करायची. हा पोरगा गावाचे उत्पन्नाचे दाखले, सातबारे, पीकविम्याचे अर्ज भरतो. सगळ्या गावाची आडनावं, जन्मतारखा आणि आधार नंबर त्याच्या डोक्यात असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

1 फेब्रुवारीला पहाटे भाऊ निघाले. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पहिलाच खटका उडाला. आजींनी, म्हणजे भाऊंच्या आईने, डब्यासोबत तिखटाची पुडी दिली होती. आमचा हा भाग मिरचीचा. शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला तर जीआय मानांकन आहे. पण विमानात हाताशी तिखट नेता येत नाही. विमानतळवाल्यांच्या लेखी ते हत्यार आहे. लोणचं चालतं, मिरचीचं लोणचं चालत नाही. तपासणीवाल्याने पुडी काढून टोपलीत टाकली आणि भाऊंचं पहिलं स्टेटस विमानाचं नसून टोपलीचं आलं. गावात केवढा क्षोभ! जन्मभर तिखटाचा व्यापार केलेले एक आजोबा म्हणाले, "हत्यार म्हणून राह्यले ना? मंग भाव काऊन नाही देत?"

त्यानंतर भाऊ महिनाभर फिकं जेवले. कपात गरम पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवायचा उपमा, हे त्यांचं मुख्य अन्न. त्याचेही फोटो येत; उपमा फुगण्याआधी आणि फुगल्यावर. कोलकात्याच्या विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारं सरकारी उडान यात्री कॅफे डिसेंबर 2024 मध्ये उघडलं, त्याची बातमी त्यांनी वाचून ठेवली होती. त्या दहा रुपयांच्या चहासाठी भाऊ दोनदा कोलकात्याला गेले. वहिनींनी त्या स्टेटसखाली नुसता अंगठा टाकला. वहिनी प्रत्येक स्टेटसला अंगठाच टाकत. दुकान त्याच चालवत होत्या, आणि गिऱ्हाईक वाढलं होतं, कारण "भाऊ कुठं पोहोचले?" विचारायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जाताना ओशाळतो. चौथ्या दिवशी कळलं की गोडाऊनची किल्ली भाऊंच्या पँटच्या खिशात आहे आणि ती दिब्रुगडला गेली आहे. वहिनींनी लोहार बोलावला, कुलूप फोडलं, आणि त्या महिन्यातलं त्यांचं एकुलतं एक स्टेटस टाकलं: तुटलेल्या कुलपाचा फोटो, खाली 'वेळेवर उघडले'. गावाने ते भाऊंच्या कोणत्याही स्टेटसपेक्षा जास्त पाहिलं. भाऊ त्या दिवशी जरा नाराज होते असं ऐकतो.

आता भाऊंनी काय पाहिलं? या प्रश्नावर आमच्या गावात दोन तट आहेत. मी भूगोलाचा मास्तर, त्यामुळे मी साहजिकच छिद्रान्वेषी तटात. गुवाहाटीहून फोन आला तेव्हा मी विचारलं, "ब्रह्मपुत्रा पाहिली का?"

"पाह्यली ना."

"कुठून?"

"बॅगा येतात त्या पट्ट्यावर. लय मोठा फोटो लावला हाये."

लेहला ते अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून गेले. लेहची धावपट्टी 10,682 फुटांवर, महिना फेब्रुवारी. उतरून इमारतीत शिरेपर्यंतचं अंतर त्यांनी कसं काटलं ते त्यांनाच माहीत. त्याच विमानाने परत फिरायचं असल्याने लडाखात त्यांचा मुक्काम तासाभराचाही झाला नसावा. स्टेटस होतं: 'लेह. पहाड मस्त. परत.' वाराणसीला गेले आणि गंगेला न जाता आले. प्रयागराजला महाकुंभ चालू होता, सगळा देश तिकडे लोटलेला. आमच्या गावातूनही गाड्या भरभरून गेल्या. भाऊंनी तेवढं एक शहर टाळलं. तिकिटं फार महाग झाली होती, आणि एवढे पैसे मोजून बाहेर पडायचं नाही म्हणजे पाप वाटलं असतं, असं ते म्हणाले. बाकी शहरांचं पाप वाटलं नाही.

आमच्यातच एक निवृत्त पोस्टमन आहेत. सगळी हकिकत ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, की यात नवीन काय? 1949 च्या जानेवारीपासून 1973 च्या ऑक्टोबरपर्यंत रात्रीची टपाल विमानसेवा होती, तिचा मुक्काम नागपूरच. रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारी दिशांनी एकेक विमान निघायचं, सोनेगावला भेटायचं, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटे ज्याचं ते विमान आपल्या गावी. देशाच्या मधोमध असण्याचा नागपूरला झालेला इतका सरळ उपयोग मला तरी दुसरा ठाऊक नाही. मद्रासची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी दिल्लीत. "चोवीस वर्सं रोज रात्री पिशव्या उडाल्या," पोस्टमनकाका म्हणाले, "एका पिशवीनं फोटो नाही टाकला." हे बोलणं कोणीतरी भाऊंना कळवलं. हैदराबादहून उत्तर आलं: "पिशवीले सीट नंबर असते का?"

उत्तर बिनतोड होतं. कारण सीट नंबर हा भाऊंचा प्राण. खिडकी म्हणजे खिडकीच. ए नाहीतर एफ. मधली सीट ही माणसाची जागा नव्हे, असं त्यांचं मत. पुढच्या-मागच्या रांगांचे गुण, पंख कुठून कुठवर आड येतो, सकाळी कोणत्या बाजूने ऊन येतं, हे ते तासभर सांगत. आणि बोर्डिंग पासचा फोटो अगदी जवळून, ठसठशीत.

बोर्डिंग पासवरचं ते काळं-पांढरं चौकटीचं चित्र नुसतं शोभेचं नसतं. त्यात नाव आणि पीएनआर भरलेला असतो, आणि या दोन गोष्टी मिळाल्या की कोणीही ते तिकीट उघडून आत डोकावू शकतो. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी 2020 साली असाच पासचा फोटो टाकला, तर एका पोराने त्यावरून त्यांचा पासपोर्ट नंबर शोधून काढला. बिचाऱ्याने वाईट काही केलं नाही, उलट सरकारला कळवलं. आमच्या सेतूतल्या पोराने सरकारला कळवलं नाही. भाऊंचा अहमदाबाद–मुंबई पास त्याच्यापुढे आला. त्याच पीएनआरवर दुसऱ्या दिवशीचं मुंबई–कोलकाताही होतं. चेक-इन उघडलं होतं. भाऊ विमानात होते, मोबाइल बंद. पोराने आडनाव टाकलं, आत गेला आणि फुकट मिळणारी पहिली सीट दाबून टाकली. 22 बी. मधली.

त्यात कसलाही डूख नव्हता. दिवसभर लोकांच्या अर्जांत रकाने भरणाऱ्या माणसाला मोकळा रकाना दिसला, एवढंच.

पण त्याच रात्री भाऊंचं स्टेटस आलं: 'उद्या महाशिवरात्री. मुंबई–कोलकाता. कुहीवरून जाणार. खिडकी. सर्वांनी हात दाखवावा.'

यात थाप नव्हती. मुंबईहून कोलकात्याची सरळ रेघ ओढली तर ती नागपूर जिल्ह्यावरूनच जाते, आणि दिल्ली–चेन्नईची रेघही तिला इथंच कुठंतरी छेदते. आमच्या डोक्यावर दिवसरात्र विमानं असतात. फक्त आजवर त्यात ओळखीचं कोणी नसायचं. 26 फेब्रुवारीला तसंही अर्धं गाव अंभोऱ्याला जाणार होतं. कुही तालुक्यातलं अंभोरा म्हणजे वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम, वर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथं लिहिला असं आम्ही सांगतो. अंबेजोगाईवाले त्यांचं सांगतात. आता तिथं भंडाऱ्याकडे जाणारा तारांवर तोललेला उंच पूल झाला आहे. कोणीतरी म्हणालं, पुलावर उभं राहू, तेवढंच विमान जवळ.

पुलावर गर्दी जमली. उपासाची केळी आणि साबुदाणा तिथंच सुटला. चार पोरांच्या मोबाइलवर चार पिवळी विमानं नकाशावर सरकत होती. "वर्धा ओलांडलं." "बुटीबोरी." "आता! आता!" निळ्या आभाळात एक पांढरी रेघ आली. पुलावरच्या सगळ्यांनी हात वर केले. बायांनी पदर हलवले. भंडाऱ्याकडून आलेल्या यात्रेकरूंना वाटलं कोणी मंत्री आहे, म्हणून त्यांनीही हलवले. आजी कठड्याला धरून उभ्या होत्या. डोळ्यांवर हात, तोंड वर, पापणी लवत नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख त्यांना मिळालेली होती. ऑपरेशन व्हायचं होतं. सेतूतला पोरगा तेवढा पाच नद्यांकडे पाहत होता.

वर काय झालं ते भाऊंनी मला नंतर एकट्याला सांगितलं, आणि अर्धंच सांगितलं. काउंटरवर त्यांनी खिडकी मागितली, विमान भरलेलं होतं. 22 ए मधले गृहस्थ झडप ओढून झोपले होते. नागपूर आलं तेव्हा भाऊंनी त्यांना हलवलं. ते उठले नाहीत. पुन्हा हलवलं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "जेवण आलं का?" भाऊंनी सांगितलं, "गाव आलं." गृहस्थ पुन्हा झोपले. यापुढं भाऊ बोलले नाहीत. त्या उड्डाणाचं स्टेटस मात्र वेळेवर आलं होतं: पंख, खाली ढग, आणि 'आपली कुही! सर्वांचे हात दिसले. धन्यवाद.' त्या दिवशी आमच्याकडे आभाळात औषधालाही ढग नव्हता, हे पानठेल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. कोणी काही लिहिलं नाही. खाली वहिनींचा अंगठा होता.

28 तारखेला रात्री भाऊ नागपुरात उतरले. दाढी वाढलेली, पाय सुजलेले, तोंड बेचव. सोनेगावहून कुही चाळीसेक किलोमीटर, पण शेवटची एसटी गेली होती. ओळखीच्या मालवाहू गाडीत कोंड्याच्या पोत्यांवर बसून ते घरी आले. त्याचा फोटो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानापुढे सभाच भरली. भाऊंनी सगळा महिना सांगितला, उड्डाणावारी. अंभोरा आलं तेव्हा खुर्चीत पुढे सरकले. पूल दिसला, पाची नद्या वेगवेगळ्या दिसल्या, देवळाचा कळस चमकला. हात तर असे दिसले की मोजावे. "मी पण हात हालवला," ते म्हणाले.

मी भूगोलाचा मास्तर आहे हे वर सांगितलंच. न राहवून विचारलं, "भाऊ, पस्तीस हजार फुटांवरून माणसाचा हात दिसतो?"

सभा गप्प. सेतूतल्या पोराने तोंडातला खर्रा चघळायचा थांबवला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टेटसांच्या फाइलकडे पाहिलं. तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर बसून शेंगा निवडणाऱ्या आजी म्हणाल्या,

"काऊन नाही दिसत? मले तर तो दिसला. खिडकीतच बसला होता. पांढरा रुमाल हालवून राह्यला होता. वाळला होता लेकरू."

कोणालाच काही सुचेना. आजींनी पुढची शेंग फोडली.

"रुमाल होता," भाऊ म्हणाले.